ऐकू नाही आलं

पलंगाची मोठी चादर ही एकट्यानं घडी घालायची वस्तूच नव्हे. दोघं लागतात. एकानं दोन टोकं धरायची, दुसऱ्यानं दोन. मग ताणायची, झटकायची, एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. लाँड्रीत जन्मलेल्या, लाँड्रीतच वाढलेल्या मधलीला हे श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. म्हणून त्या दुपारी मागच्या अंगणात तिनं तारेवरची चादर ओढली, मागं न बघताच "धाकटे, धर गं" म्हटलं आणि पलीकडची टोकं कुणीतरी धरली, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

समुद्रावरून वारा सुटला होता. चादर शिडासारखी फुगली. पलीकडचं काही दिसेना.

"जरा खाली धर की! आणि झटक नीट. जेवली नाहीस का आज?"

चादरीला असा हिसका बसला की टोकं हातातून सुटतासुटता राहिली.

"अगं हळू! म्हैस कुठली!"

ताणून झालं, झटकून झालं. मधली सवयीनं चार पावलं पुढं आली, पलीकडचीही आली, टोकाला टोक लागलं... आणि बोटांना बोटं लागली. ती बोटं धाकटीची नव्हती. लांब होती, उन्हानं रापलेली होती आणि एका अंगठ्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

चादर खाली आली. समोर एक उंच तरुण उभा होता. पायाशी पत्र्याची पेटी, खांद्याला वायरीचं भेंडोळं, आणि शेजारी वाळूत तोंड आ वासून पडलेला एक मोठा भोंगा.

"जेवलो आहे," तो म्हणाला. "पण म्हैस मात्र आज पहिल्यांदाच म्हणवून घेतलं."

मधलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काहीतरी पुटपुटली.

त्यानं मान जराशी वाकडी केली, हात कानामागं नेला. "ऐकू नाही आलं. पुन्हा बोला?"

आता पुन्हा काय बोलणार! पण एक गोष्ट तिच्या मनात तिथंच टोचून राहिली. *पुन्हा बोला* असं तिला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं.

कारण त्या घरात सगळे ओरडून बोलत. बोलावंच लागे. खाली दिवसभर बॉयलर धडधडायचा, इस्त्रीची यंत्रं फुसफुसायची, पाण्याच्या हौदावर कपडे आपटायचे. बाबांचा आवाज तर दोन गल्ल्या ओलांडून जाई. आई त्यावर कडी करी. थोरली आणि धाकटी भांडल्या तर समोरची मंडळी खिडक्या लावून घेत. आणि ह्या सगळ्यांमध्ये मधली. तिचा आवाज तलम होता. साबणाच्या फेसासारखा, हातात घ्यावा तोवर विरून जाणारा. ती मीठ मागायची, कुणाला ऐकू यायचं नाही, मग उठून स्वतःच घ्यायची. पुढं पुढं तिनं मागणंच सोडून दिलं.

तिचं लग्नही असंच ठरलं होतं. म्हणजे ठरलंच म्हणायचं. आत्या आली होती, नात्यातल्या एका मुलाचं स्थळ घेऊन. काचेच्या भांड्यांचं मोठं दुकान, स्वभाव गरीब, व्यसन नाही. "काय गं, पसंत आहे ना?" आत्यानं दारातूनच ओरडून विचारलं. "मला जरा विचार करू दे," मधली म्हणाली. आणि नेमकी त्याच क्षणी बॉयलरनं वाफ सोडली. आत्याला दिसले नुसते हलणारे ओठ. "झालं!" तिनं टाळी वाजवली. "मुलगी हो म्हणाली!"

त्यानंतर कुणी विचारलं नाही. थोरलीच्या लग्नात, त्याच पाहुण्यांसमोर, मधलीचंही जाहीर करून टाकायचं असं ठरलं. एका दगडात दोन पक्षी.

आणि थोरलीचं लग्न होणार होतं वाळूवर. त्याला कारण कप्तान.

कप्तान म्हणजे बाबांचे वडील. जन्मभर खाडीवर फेरीबोट चालवलेली, म्हणून सगळा गाव त्यांना कप्तान म्हणे. आता पाय गेले होते. लाँड्रीच्या वरच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीला लावलेल्या पलंगावर ते असत. जिना इतका अरुंद की पलंगासकट त्यांना खाली आणायचं म्हणजे भिंत फोडावी लागली असती.

"मला लग्नाला नेता येत नाही ना? मग लग्न माझ्याकडे आणा," कप्तान म्हणाले. "ही खिडकी, ही खाली वाळू. उभं करा दोघांना समोर."

"खुर्च्या रुततील हो वाळूत," आई म्हणाली.

"पाहुणे हलके बोलवा."

"आणि भरती आली तर?" बाबा गरजले.

"भरतीचं मी बघतो. माझ्या ओळखीतली आहे ती."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. नवरानवरी एकमेकांना जे वचन देतील ते त्यांना शब्दन् शब्द ऐकू यायला हवं होतं. "नुसते ओठ हलताना बघायला मी काय मूकपटाला बसलोय?" पण लाटांपुढं माणसाचा आवाज खिडकीपर्यंत पोचायचा कसा? म्हणून हा भोंगेवाला बोलावला होता.

त्याचा भोंगा मात्र कप्तानांनी पहिल्याच भेटीत बाद केला. "वचन दोघांचं असतं. त्याची काय दवंडी पिटायचीय? मला एकट्याला ऐकव." मग भोंगेवाल्यानं बेत बदलला. खाली, नवरानवरी उभी राहणार तिथं मायक्रोफोन; तिथून भिंतीवरून वर नेलेली वायर; आणि वर कप्तानांच्या उशाशी एक लहानसा लाकडी खोका. आवाज निघेल तो फक्त त्या खोक्यातून, फक्त त्या खोलीत.

आता खाली उभं राहून बोलून दाखवायला कुणीतरी हवं होतं. थोरलीला शिंप्याकडे जायचं होतं, आईचं पत्रिकांना हळदकुंकू लावणारं बोट रिकामं नव्हतं, धाकटी एका जागी उभी राहीना. सगळ्यांच्या नजरा फिरल्या.

"मधले, तुला काय काम आहे?"

तिला सतरा कामं होती. पण हे सांगितलं असतं तरी ऐकलं कुणी असतं!

तर ती वाळूत जाऊन उभी राहिली. भोंगेवाला वरच्या खिडकीत, कप्तानांच्या शेजारी. खुणा ठरल्या होत्या. दोन्ही हात वर, म्हणजे स्वच्छ ऐकू आलं. एक हात कानामागं, म्हणजे नाही आलं.

"एक... दोन... तीन," मधली म्हणाली.

हात कानामागं.

"एक! दोन! तीन!"

हात कानामागंच. मग तो खिडकीतून ओणवून ओरडला, "आकडे नकोत हो! आकडे लाटेत विरघळतात! वाक्यं बोला!"

"कसली वाक्यं?" तिनं हात हलवून विचारलं.

"रोज बोलता ती!"

मधली त्या मायक्रोफोनच्या जाळीकडे बघत राहिली. "रोज मी काही बोलतच नाही," ती हळूच म्हणाली.

खिडकीतला हात क्षणभर हवेत थांबला. मग पुन्हा कानामागं गेला.

तिथून सुरुवात झाली. आपलं वर काहीच पोचत नाही अशी तिची खात्री झाली आणि मग जीभ सुटली. आधी कॉलरला स्टार्च किती घालायचा ते सांगून झालं. मग शाईचा डाग दुधानं जातो, गंजाचा लिंबानं जातो, आणि मनात पडलेला कशानंच जात नाही हेही सांगून झालं. हॉटेलवाल्यांच्या उशांच्या अभ्र्यांत विसरलेल्या वस्तू मिळतात, त्यांच्या गमती झाल्या. एकदा एका अभ्र्यात लहान मुलाचा दात निघाला होता. तो तिनं धुऊन, पुडीत बांधून परत पाठवला होता. हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. वाळूला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भोंगेवाला म्हणाला, "काल वारा वेगळा होता. आज पुन्हा तपासायला हवं." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दमट हवेत वायर कुरकुरते. पुन्हा बघू." वारा रोज वेगळा असे आणि मधली रोज बरोबर त्याच वेळी, इस्त्री खाली ठेवून, केसांवरून ओला हात फिरवून वाळूत जाऊन उभी राही. येताजाता दोन शब्द होत.

"आज तरी येईल का हो ऐकू तुमच्या यंत्राला?"

"यंत्राचं काही खरं नाही. तुम्ही बोलत राहा म्हणजे झालं."

"घसा बसला माझा."

"मग उद्या हळू बोला. मी कानच जास्त लावीन."

असं म्हणून तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळी पाडायचा, दुसरा आपला गप्प. इतक्या वर्षांनंतरही मधलीला तो हिशेब पुरता उलगडलेला नाही.

एक दिवस ती बोलता बोलता काचवाल्यावर आली. "तो वाईट नाही," ती मायक्रोफोनला म्हणाली. "हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं! मी हो म्हटलंच नव्हतं. विचार करू दे म्हटलं होतं. पण वाफ मोठी झाली, मी लहान पडले... आणि आता सगळे इतके खूश आहेत की मलाच चोरट्यासारखं होतं." ती थांबली. खिडकीकडे बघितलं. "आणि हा वरचा माणूस. यंत्र लावता येत नाही त्याला धड. पण कानामागं हात ठेवून उभा राहिला ना... की जगात दुसरं काही ऐकायचंच नाही असं वाटतं त्याच्याकडे बघून."

खिडकीतला हात कानामागंच होता. पण बराच वेळ झाला तरी तो खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी कप्तानांचा चहा वर न्यायला कुणी नव्हतं, म्हणून मधलीच ट्रे घेऊन जिना चढली. तिच्याऐवजी मायक्रोफोनपाशी धाकटीला उभं केलं होतं. मधली दारात पोचली आणि उशाजवळच्या खोक्यातून धाकटीची कुजबूज आली. लख्ख. लाटेच्या खळखळीसकट, शेंगदाणे चावल्याच्या आवाजासकट.

"...कंटाळा आला बाई. भोंगेवाल्याचा शर्ट आज इस्त्रीचा आहे. कुणी करून दिला ते मला ठाऊक आहे..."

ट्रेमधले कप किणकिणले. मधलीनं खोक्याकडे बघितलं. मग भोंगेवाल्याकडे. तो पांढराफटक पडला होता. मग कप्तानांकडे. कप्तानांनी झटकन डोळे मिटून घेतले. "मी झोपलोय," ते म्हणाले.

"कधीपासून?" मधलीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," भोंगेवाला म्हणाला. "पहिल्या 'एक'पासून."

"सगळं?"

"...सगळं."

"मग ते कानामागं हात?"

"दोन्ही हात वर केले असते तर तुम्ही बोलायच्या थांबला असता."

"म्हणजे चोरून ऐकलंत."

"हो," तो म्हणाला. सारवासारव केली नाही. "गावोगाव लोकांचे आवाज मोठे करत फिरतो मी. त्यातलं ऐकत राहावं असं फार थोडं असतं... पण हा काही खुलासा झाला नाही. चुकलं माझं."

मधलीनं ट्रे खाली ठेवला. तिला राग असा आला होता की तिच्या हाती बॉयलरची किल्ली असती तर आख्खा गाव वाफेत बुडवला असता. ती वळली. तेव्हा झोपलेले कप्तान बोलले.

"पोरी, रागव त्याच्यावर. रागवायलाच हवं. पण खोक्यात बोललीस ते एकदा माणसांत बोल. खोका काय, लग्न झालं की तो घेऊन जाईल."

लग्नाचा दिवस उजाडला. भरती कप्तानांनी सांगितली होती तशी अगदी शहाण्यासारखी मागं सरली. चार बांबूंवर लाँड्रीच्याच पांढऱ्या चादरींचं छत झालं. पाहुणे वजनदार निघाले, खुर्च्या रुतल्या, एक मामा तर खुर्चीसकट तिरपे होत होत शेजारणीच्या खांद्यावर टेकले. थोरली आणि तिचा नवरा समोरासमोर उभे राहिले. थोरलीचा तो गल्ली दणाणणारा आवाज त्या दिवशी थरथरला, बारीक झाला. पण तिनं वचन दिलं तेव्हा सगळ्यांनी वर बघितलं. खिडकीत कप्तानांनी दोन्ही हात उंच केले होते. बाबा रुमालात तोंड घालून हुंदके देत होते, तेही मोठ्यानंच.

मधलीनं भोंगेवाल्याकडे त्या चहाच्या दिवसापासून नजर वर करून पाहिलं नव्हतं. तो कडेला स्टुलावर चढून वायर सांभाळत होता.

मग आत्या उठली. "मंडळी, अजून एक गोड बातमी आहे बरं का!"

पहिल्या रांगेत काचवाला बसला होता, नवा शर्ट घालून, गुडघ्यावर हात ठेवून. आता नाही तर कधीच नाही.

"नाही," ती म्हणाली.

लाट आली आणि शब्द घेऊन गेली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

"आमची मधली..." आत्या सांगू लागली.

मधलीची नजर नकळत वर गेली. स्टुलावरचा भोंगेवाला थेट तिच्याकडे बघत होता. त्यानं हातातली वायर सोडली, आणि सावकाश, अगदी सावकाश, हात कानामागं नेला.

ऐकू नाही आलं. पुन्हा बोला.

असा संताप आला तिला त्याचा! आणि त्या संतापाच्या पाठीवर बसूनच आवाज बाहेर आला.

"नाही!"

आत्याचं तोंड उघडंच राहिलं. तिरपे मामा सरळ झाले.

"आत्या, मला हे लग्न करायचं नाही. मी हो म्हटलंच नव्हतं. विचार करू दे म्हटलं होतं. तुम्ही कुणी पुन्हा विचारलं नाहीत, आणि मीही पुन्हा सांगितलं नाही. आता सांगते. नाही."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "अगं... हिचा आवाज तर माझ्यावर गेलाय."

काचवाला उठला. मधलीनं मान खाली घातली. पण तो माणूस खरोखरच वाईट नव्हता.

"बरं झालं आत्ताच बोललात," तो म्हणाला. "कपाला तडा असेल तर तो दुकानातच दिसलेला बरा. घरी नेल्यावर दोघांचेही हात कापतात." आणि खाली बसून त्यानं आत्यालाच पाणी दिलं. पुढं त्याचं फार छान झालं. दर वर्षी एक सुंदर बशी पाठवायचा.

वर खिडकीत कप्तानांचे दोन्ही हात पुन्हा उंच होते.

उन्हं कलली, पाहुणे पांगले. मधली छताच्या चादरी सोडवू लागली. पहिली चादर ओढली, वाऱ्यानं फुगवली... आणि पलीकडची टोकं कुणीतरी धरली. ह्या खेपेला तिनं धाकटीला हाक मारली नव्हती.

"जेवलात का?" तिनं चादरीआडून विचारलं.

"नाही."

"म्हणूनच झटकता येत नाहीये."

त्यानं चादर झटकली आणि म्हणाला, "सकाळच्या गाडीनं निघतो. यंत्र तेवढं सोडवून घेतो."

टोकाला टोक लागलं. ह्या वेळी बोटं लगेच मागं गेली नाहीत.

"आज वारा वेगळा आहे," मधली म्हणाली. "तपासायला हवं."

"आता कशाला? लग्न तर—"

"इतके दिवस मीच बोलले. आता तुम्ही उभे राहा तिथं. मी वर जाते."

जिना तिनं धावत चढला. कप्तानांनी एक शब्द न विचारता तिला खिडकीत जागा करून दिली. खाली तो मायक्रोफोनपुढं उभा होता, परीक्षेला बसल्यासारखा. खोका खरखरला.

"एक... दोन..."

"आकडे नकोत!" मधली खिडकीतून ओरडली. "विरघळतात!"

तो हसला, तो एक गाल. मग वाळूकडे बघत, अडखळत बोलू लागला. "मोठी चादर एकट्याला घडी करता येत नाही... असं मी इथं शिकलो. पलीकडची टोकं मी जन्मभर धरीन म्हणतो. तुम्हाला... तुम्हाला चालणार असेल तर. विचार करा. मी पुन्हा विचारीन. हवं तितक्यांदा विचारीन."

खोक्यातून प्रत्येक शब्द आला, लाटेच्या खळखळीसकट, श्वासासकट.

"आलं का ऐकू?" कप्तानांनी विचारलं.

"हो," मधली म्हणाली. तिचा आवाज पुन्हा तलम झाला होता.

आणि तिनं हात उचलून कानामागं नेला.

खाली तो चकित होऊन बघत राहिला. मग त्याला समजलं. त्यानं मायक्रोफोन जवळ ओढला आणि पहिल्यापासून पुन्हा बोलायला लागला. ते संपलं, हात कानामागंच. तो आणखी एकदा बोलला. शेवटी कप्तानच कळवळले, "पुरे गं पोरी, त्याची बॅटरी उतरेल." तेव्हा कुठं मधलीनं दोन्ही हात वर केले.

त्या जागी आता मोठं हॉटेल आहे. बॉयलर गेला, हौद गेला, अरुंद जिना गेला. कप्तानांच्या खिडकीच्या उंचीवर कुणाची तरी गॅलरी आहे आणि तिथं परके टॉवेल वाळत असतात, तेही नीट न झटकलेले. वाळू आणि लाटा तेवढ्या जुन्या ओळखीच्या राहिल्या.

परवा नातीचं लग्न ह्याच वाळूवर करायचं ठरलं. आजकाल त्याची आखणी करून देणारी माणसं मिळतात. चटपटीत मुली आल्या, टेप लावून जागा मोजली, कुठं कोण बसणार ते ठरलं. आवाजाचं बघणारा मुलगा बोटभर मायक्रोफोन घेऊन आला.

"आजी, काहीतरी बोला ना. तपासायचंय."

शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत आजोबा बसले होते. कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे शर्टाच्या खिशात. गेली काही वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. घरात सगळं दोनदा सांगावं लागतं.

आजीनं मायक्रोफोन तोंडाजवळ धरला. चारी बाजूंच्या कर्ण्यांतून आवाज सगळ्या वाळूभर घुमला. "अहो, वारा गार सुटलाय. शाल घेतलीत का?"

गॅलरीतल्या टॉवेलवाल्यांनीसुद्धा खाली वाकून बघितलं.

आजोबांनी सावकाश हात उचलला आणि कानामागं नेला.

नातीला वाईट वाटलं. "आजी, आजोबांना एवढ्या मोठ्यानंही ऐकू येत नाही का गं?"

आजीनं पदर सावरला. दूरवरून तिला त्यांचा एकच गाल दिसत होता, खळी पडलेला.

"कुणास ठाऊक, बाई," ती म्हणाली. आणि मायक्रोफोन पुन्हा तोंडाजवळ नेला.